पत्र्याच्या शेडमधली फियाट आणि एक पाण्याची बाटली



माझ्या दवाखान्यात आलेल्या पेशंटला वाट बघताना खिडकीतून मागचं आवार दिसतं. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी गाडी उभी आहे. पुढची चाकं नाहीत, बॉनेट भिंतीला टेकवून ठेवलेलं. मी पेशंटला विचारतो, "वजन किती कमी झालं?" आणि ते मला विचारतात, "डॉक्टर, गाडी कधी सुरू होणार?" दोघेही एकमेकांना तेच उत्तर देतो. "होईल हळूहळू."

आजचा लेख या गाडीवर आहे. आरोग्याच्या ब्लॉगवर गाडी कशाला, असं वाटेल. पण या गाडीपायी माझ्या घरात जे घडलं, ते तुमच्या घरात घडू नये म्हणून लिहितो आहे. हे लिहायला मला दोन वर्षं लागली, कारण त्यात चूक माझी आहे.

गाडी माझ्या वडिलांची. १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. नाव पद्मिनी असलं तरी आपल्याकडे सगळे तिला फियाटच म्हणतात. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअरचा दांडा, पुढे सलग बाकासारखी सीट. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून तुम्ही तिला ओळखत असाल. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातली शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून गेली. बाबा याच गाडीतून कराडच्या आसपासच्या गावांत व्हिजिटला जायचे. पावसाळ्यात गाडी चिखलात रुतली की पेशंटचेच नातेवाईक ढकलायचे. पुढे बाबांचे गुडघे दुखू लागले, गाडी शेडमध्ये गेली आणि वर ताडपत्री आली.

काही वर्षांनी मी ठरवलं की ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. घरात जाहीर केलं, "सहा महिने." आता आठवं वर्ष चालू आहे.

सहा महिन्यांची आठ वर्षं कशी होतात?

जुन्या गाडीचं काम आणि जुनं दुखणं यांत एक साम्य आहे. उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. कार्ब्युरेटर साफ केला की गाडी सुरू होईल, असं मला वाटलं होतं. मेस्त्रींनी पायाखालचं मॅटिंग उचललं तर खालचा पत्रा पापडासारखा हातात आला. तो कापून नवा पत्रा वेल्डिंग करायचा, तर आधी सीट काढा. सीट काढल्या तर त्याखालची वायरिंग उंदरांनी खाल्लेली. इंजिनचं काम झालं तेव्हा ब्रेकचे सिलिंडर जाम झालेले निघाले. दरवाजाच्या काचेची रबरं मिळेनात, म्हणून एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फिरलो. एका दरवाजाचं रबर मिळालं. दरवाजे चार आहेत.

मधल्या काळात घर थांबत नव्हतं. मुलीची शाळा सुरू झाली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कोविडच्या दोन वर्षांत शेडमध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर ठेवले होते. मग मुलगा झाला.

मी वेळ चोरू लागलो. संध्याकाळची ओपीडी संपल्यावर जेवणाआधी अर्धा तास, किंवा मुलं झोपल्यावर तासभर. पण अर्ध्या तासात काय होतं? दहा मिनिटं पाने शोधण्यात जातात, दहा मिनिटं कुठला नट कुठला हे आठवण्यात. हाताला जरा गती आली की फोन वाजतो. मग सगळं तिथेच टाकून पळायचं. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

बायको शाळेत शिकवते. ती एकदा म्हणाली, "तुम्ही गाडीचं काम करता तेव्हा आम्हाला नसता, हे मला समजतं. पण जेवताना पण तुम्ही गाडीखालीच असता." मी हसण्यावारी नेलं.

ती बाटली

एका शनिवारी रात्री नऊच्या सुमारास मी कार्ब्युरेटरचे आणि ब्रेकचे सुटे भाग धूत होतो. मेस्त्रींनी लिटरभर रॉकेल दिलं होतं, पांढरं, पाण्यासारखं दिसणारं. त्यांच्या कॅनमधून ते मी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून आणलं होतं. अर्धी बाटली उरली होती. तेवढ्यात फोन आला. एका आजोबांना धाप लागली होती. बाटलीचं झाकण सैलसर लावलं, ती खालच्या फळीवर ठेवली आणि गेलो. रात्री उशिरा परत आलो आणि थेट झोपलो. बाटली डोक्यातून पूर्ण गेली होती.

रविवारी सकाळी मी एका पेशंटला बघायला बाहेर गेलो होतो. माझा अडीच वर्षांचा मुलगा ताईच्या मागे खेळत शेडमध्ये गेला. त्याला तहान लागली होती. समोर पाण्याची बाटली होती.

एकच घोट. पण त्याला जोराचा ठसका लागला आणि तो खोकत, रडत अंगणात आला. शर्टाला रॉकेलचा वास. माझी आई घाबरून मिठाचं पाणी घेऊन धावली, उलटी काढायला. बाबांनी तिचा हात धरला. ऐंशीच्या घरातले, गुडघे धरून चालणारे बाबा त्या दिवशी सगळ्यांत वेगाने हलले. त्यांनी पोराला मांडीवर सरळ बसवलं, ओला शर्ट काढला, तोंड आणि अंग पुसून घेतलं, कुणाला काही पाजू दिलं नाही आणि बायकोला म्हणाले, "बाटली बरोबर घे, गाडी काढ."

इथे थांबून हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक घरांत आईसारखीच चूक होते.

रॉकेल, पेट्रोल, थिनर, टर्पेंटाइन ही द्रव्यं पातळ आणि सहज पसरणारी असतात. पोटात गेलेल्या घोटभर रॉकेलपेक्षा श्वासनलिकेत उतरलेले चार थेंब जास्त घातक. ते फुफ्फुसात पसरतात, आतल्या नाजूक आवरणाला इजा करतात आणि रसायनामुळे होणारा न्यूमोनिया होतो. उलटी काढली की तेच रॉकेल दुसऱ्यांदा घशातून वर येतं आणि श्वासनलिकेत जाण्याची आणखी एक संधी त्याला मिळते. म्हणून उलटी काढायची नाही. मिठाचं पाणी नाही, घशात बोट नाही, दूध नाही, तेल-तूपही नाही.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा माझा बालरोगतज्ज्ञ मित्र पोराचे श्वास मोजत होता. एका मिनिटाला ५२. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास शांत असताना मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त असतील, तर ते वेगाचे समजायचे. हे मी शेकडो आयांना शिकवलं आहे. त्या दिवशी मी स्वतः मोजायला गेलो तर आकडा मनात राहीना.

पहिला एक्स-रे जवळपास स्वच्छ होता. असं असू शकतं, फुफ्फुसातला बदल दिसायला काही तास लागतात. म्हणूनच अशा मुलाला काही होत नसलं तरी निदान सहा तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवतात. संध्याकाळी ताप आला आणि उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात डाग दिसला. रात्रभर ऑक्सिजन लावावा लागला. दुसऱ्या दिवशी श्वास हळू झाले, तिसऱ्या दिवशी त्याने बिस्कीट मागितलं, चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो. आज तो ठणठणीत आहे.

त्या रात्री वॉर्डमध्ये बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "पेशंटच्या घरी असं झालं असतं, तर तुम्ही त्या आईबापाला काय बोलला असता?"

मला उत्तर माहीत होतं. काही महिन्यांपूर्वी एक जोडपं असंच मूल घेऊन आलं होतं. शीतपेयाच्या बाटलीत थिनर ठेवलं होतं. मी मूल तपासलं, पुढे पाठवलं आणि जाता जाता त्या बापाला सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "एवढी अक्कल नाही?" तो रंगकाम करणारा माणूस होता. दिवसभर राबून घरी आला होता. तो खाली मान घालून उभा होता, हे मला त्या रात्री आठवलं.

त्यानंतर मी अशा पालकांवर ओरडणं बंद केलं. चूक सांगतो, पण ओरडत नाही. ओरडल्यावर माणूस पुढच्या वेळी खरं सांगत नाही, आणि काय प्यायलं, किती प्यायलं, कधी प्यायलं हे खरं कळणं उपचारासाठी फार महत्त्वाचं असतं.

मग गाडीचं काय?

आठ महिने मी शेडचं कुलूप उघडलं नाही. भंगारवाल्याला फोन करायचा, असंही ठरवलं होतं. बाबांनी अडवलं. म्हणाले, "चूक गाडीची नव्हती. तू धड तिथे नव्हतास, धड इथे नव्हतास."

विचार केल्यावर मला ते पटलं. गाडी अपूर्ण होती म्हणून माझ्या मुलाला धोका झाला नाही. त्या रात्रीचं काम मी अर्धवट सोडलं, आवरलं नाही, म्हणून झाला. गाडी पूर्ण व्हायला आणखी पाच वर्षं लागली तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण प्रत्येक वेळी हाती घेतलेलं आवरून ठेवणं, हे त्याच दिवशी पूर्ण व्हायला हवं.

आता पद्धत बदलली आहे. पंधरा दिवसांतून एक रविवार, सकाळी दोन तास. त्या वेळी फोन दुसऱ्या डॉक्टरांकडे वळवलेला असतो. शेवटची वीस मिनिटं फक्त आवरायची. मुलगी एका वहीत लिहिते, आज काय झालं आणि पुढच्या वेळी काय करायचं, अगदी केसपेपरसारखं. त्यामुळे "हा नट कुठला" यात वेळ जात नाही. गेल्या वर्षात वायरिंग पूर्ण झालं, हॉर्न वाजला. आधीच्या तीन वर्षांत चोरलेल्या अर्ध्या अर्ध्या तासांत मिळून एवढं झालं नव्हतं. आणि उरलेले रविवार घरचे असतात, ते मी जेवणाच्या ताटावर असतो.

तुमच्यापैकी अनेक जण विचारतात, "बीपीच्या गोळ्या कधी संपणार?" काही कामं संपवायची नसतात, रोजचा वाटा रोज नीट करायचा असतो. हे मी पूर्वी पाठ केल्यासारखं सांगायचो. आता अनुभवाने सांगतो.

तुमच्या घरासाठी

गाडी नसली तरी रंग, कीटकनाशक, ॲसिड, फिनेल घरात असतंच. म्हणून एवढं करा:

१. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत दुसरं काहीही ठेवू नका, पाच मिनिटांसाठीही नाही. मूळ डबा, घट्ट झाकण, कुलपाचं कपाट.

२. मुलाने रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर प्यायल्याची शंका आली तर उलटी काढू नका, काही पाजू नका. भिजलेले कपडे काढा, अंग साबणपाण्याने धुवा किंवा निदान पुसून घ्या आणि लगेच दवाखान्यात न्या. १०८ ला फोन करा. बाटली बरोबर न्या. मूल बरं दिसलं तरी न्या.

३. खोकला थांबत नाही, श्वास वेगाने चालतो, ओठ निळसर दिसतात, मूल गुंगीत आहे: यातलं काहीही दिसलं तर एक मिनिटही थांबू नका.

४. नळीने तोंडाने ओढून पेट्रोल काढू नका. मोठ्या माणसांच्या फुफ्फुसालाही तीच इजा होते.

५. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो.

६. जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, मग तो दाराचा असो वा गाडीचा, शिसं जास्त असू शकतं. पाणी लावून घासा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा आणि कामाचे कपडे वेगळे धुवा.

गाडीचा रंग अजून बाकी आहे, तीन दरवाजांची रबरंही. बाबा अधूनमधून शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि मेस्त्रींना सूचना देतात. पुढच्या वेळी दवाखान्यात आलात तर गाडीबद्दल जरूर विचारा. उत्तर तेच मिळेल, "होईल हळूहळू."

पण आज एक काम हळूहळू नको. हा लेख वाचून झाला की उठा आणि घरातल्या खालच्या फळ्या, मोरी, माळ्याखालचा कोपरा बघून या. कुठल्या बाटलीत काय आहे ते तपासा.

काळजी घ्या.