खर्ज, डग्गा आणि दहा बाय बाराची खोली

नाशिक, रविवार

चि. छकुलीस,


उत्तर आधी देऊन टाकतो, कारणं मागाहून. बुकशेल्फ स्पीकरची एक चांगली जोडी आणि एक छोटा स्टिरिओ ॲम्प्लिफायर घे. तू कल्याणच्या दुकानात पाहून आलीस तो टू-पॉइंट-वन, म्हणजे टेबलावर दोन डब्या आणि टेबलाखाली सबवूफर, तो घेऊ नकोस. दुकानदाराने लावून दाखवला तेव्हा छाती धडधडली म्हणालीस. खरं असेल. पण त्याने लावलं होतं सिनेमाचं गाणं, आणि तू घरी लावणार आहेस तानपुरा आणि तुझ्या गाण्याच्या बाईंच्या तालमीची रेकॉर्डिंगं. या दोन कामांत फार अंतर आहे, आणि ते नेमकं काय, ते नीट सांगावं म्हणून हे पत्र.

तानपुऱ्यापासून सुरू करू. पुरुष गायकाची काळी एकची पट्टी धरली तर त्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झला येतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्याला, म्हणजे ६९ ला. तू काळी चारला गातेस. तुझा षड्ज २०८ च्या आसपास, खर्ज १०४. आता टेबलावरच्या त्या डबीत असतो दोन-अडीच इंची पडदा. तो १५० च्या खाली फारसं काही देऊ शकत नाही, म्हणून तिथून खालचं सगळं काम सबवूफरकडे ढकललेलं असतं. म्हणजे तुझा षड्ज टेबलावरून येणार आणि त्याच तानपुऱ्याचा खर्ज पायाशी घुमणार. त्याहून वाईट म्हणजे एकाच तारेचे दोन तुकडे होतात. खर्जाच्या तारेचा पाया खाली आणि तिचे वरचे स्वर वर. तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात ती कशासाठी? तारेने घोडीला हलकेच घासत राहावं, एका स्वरातून वरच्या स्वरांची माळ सुटत राहावी आणि ती सगळी एकाच लाकडातून आल्यासारखी ऐकू यावी, यासाठी. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला तो याच गोष्टीवर. घोडीच्या बाकामुळे तारेत ते स्वरही उमटतात, जे एरवी उमटायला नकोत. कलकत्त्यात बसून त्यांनी जे कान लावून शोधलं, ते आपण दोन ठिकाणांहून वाजवून मोडायचं का?

तू म्हणशील, मामा, मोबाइलवरचा तानपुराही मला बरा वाटतो. वाटणारच. आपला कान मोठा कर्तबगार आहे. खर्ज प्रत्यक्ष नसला तरी त्याच्या वरच्या स्वरांवरून तो खालचा स्वर मनात उभा करतो. गाडीत, स्वयंपाक करताना तेवढं पुरतं. पण पहाटे खर्जाचा रियाज करताना आवाज टेकवायला जी जागा लागते ती अशी कल्पनेतली असून चालत नाही, हे तुझ्या बाईच तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

डग्ग्याचं तर याहून अवघड. रेकॉर्डिंगमध्ये तबलजीने डग्ग्यावर मनगट दाबून घिस्सा दिला की तो घुमारा खालून वर सरकतो. एक लहानशी मींडच असते ती. स्वस्त सबवूफरची पेटी एका ठराविक जागी जास्त बोलेल अशी बनवलेली असते, कारण त्यामुळे कमी खर्चात मोठा दणका मिळतो. मग डग्ग्यावरचा कुठलाही आघात त्या एकाच जागी जाऊन पडतो. घिस्सा असो, धा असो की नुसता गे, सगळ्यांचा एकच धप. दुकानात हे एकदा करून बघ. विलंबित एकतालाचं काहीतरी लाव, डोळे मीट आणि फक्त डाव्या हाताकडे लक्ष दे. डग्गा सरकताना ऐकू आला तर स्पीकर चांगला. माझ्या मते बाकी कुठलीही परीक्षा न घेता एवढ्यावर निकाल द्यायला हरकत नाही.

आता खोली. आंबिवलीची ती दहा बाय बाराची खोली मला पाठ आहे. बावीस पावसाळे काढलेत मी त्या इमारतीत. खोलीलाही स्वतःचा आवाज असतो. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा स्वर अडकून घुमतो, दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ चा. सबवूफर कोपऱ्यात ठेवलास (त्या खोलीत दुसरीकडे जागाच नाही) की तो नेमका याच स्वरांना फुगवणार. लोखंडी कपाटाचं दार थरथरेल, आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा दुसऱ्या दिवशी जिन्यात थांबवतील. खालचा आवाज भिंतीला जुमानत नाही. आटाळीला किंवा मोहन्याला हळदीचा डीजे लागतो तेव्हा गाण्याचा एक शब्द आपल्याकडे पोचत नाही, पण खिडकीची काच मात्र हलते, ती याचमुळे. पाच इंची वूफरचा चांगला बुकशेल्फ स्पीकर ५५-६० पर्यंत उतरतो. म्हणजे तुझा खर्ज, बाईंचा खर्ज, काळी एकवाल्याचाही खर्ज आणि डग्गा, सगळं त्यात येतं. त्याच्याही खालचं त्या खोलीत आणून ठेवायला जागा नाही.

वॉटच्या आकड्यांनी गांगरू नकोस. खोक्यावर पीएमपीओ असं लिहून हजारांत आकडा छापलेला दिसला तर तो वाचायचाच नाही. सलग वाजताना मिळणारी ताकद आरएमएस या नावाखाली लिहितात, तीच खरी. आणि तीही किती लागते ते ऐक. साधारण बुकशेल्फ स्पीकरला १ वॉट दिला तर एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज होतो. माणसं बोलतात ते ६० च्या आसपास. तू बसणार दोन मीटरवर. रियाजाला तानपुरा लावशील तेव्हा ॲम्प्लिफायरमधून एक वॉटसुद्धा जाणार नाही, त्याचा लहानसा भाग जाईल. आवाज दुप्पट वाटायला ताकद दहापट लागते, म्हणून तबल्याच्या एखाद्या कडक तिहाईसाठी थोडी शिल्लक हवी. तेवढ्यासाठी प्रत्येक बाजूला २०-२५ वॉट रग्गड झाले. उरलेले पैसे स्पीकरमध्ये घाल. तुझी मर्यादा पंचवीस हजारांची ना? त्यातले पंधराच्या पुढचे जोडीला, सहा-सात ॲम्प्लिफायरला. वायरला जास्त घालवू नकोस. आंबिवली स्टेशनबाहेरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर तीन-तीन मीटर घेतलीस की झालं. दुकानदार जाडजूड सोनेरी टोकांच्या वायरीबद्दल बोलायला लागला की चहा पिऊन उठावं.

रात्रीची एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव. आवाज बारीक केला की कान सगळ्यात आधी खालचे स्वर सोडतो. फ्लेचर आणि मनसन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. दुपारी सुरेख वाटलेला डग्गा रात्री अकराला गायब झाला तर स्पीकर बिघडला असं समजू नकोस. जुन्या ॲम्प्लिफायरवर लाउडनेसचं बटण असायचं ते यासाठीच, आणि मिळाला तर ते बटण असलेलाच घे. रात्री दहा ते सकाळी सहा वस्तीत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, २००० सालच्या नियमांत लिहिलेली. तुझा रियाज पहाटे पाचचा, तेव्हा कमी आवाजात जो स्पीकर भरलेला वाटतो तोच तुझा. दुकानात नेहमी मोठ्याने वाजवून दाखवतात. तू मुद्दाम बारीक करायला सांग.

मी स्पीकर आणि ॲम्प्लिफायर सुटे घ्यायला का सांगतो याचं आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यात जवळचं आहे. सुटी वस्तू दुरुस्त होते. कल्याणच्या एका कारागिराकडे मी कित्येक संध्याकाळी बसलो आहे. झाकण काढून तो आधी ब्रशने झुरळांची घाण झाडायचा, मग बॅटरी तिरकी धरून कपॅसिटरच्या टोप्या बघायचा. चांगल्याची टोपी सपाट, गेलेल्याची फुगून वर आलेली, कधी फुटून तपकिरी राप धरलेली. तो फुगलेला काढायचा, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा पण जास्त व्होल्टचा नवा लावायचा, सोल्डरिंगचा धूर निघायचा आणि दहा मिनिटांत ॲम्प्लिफायर गायला लागायचा. पूर्वी कॉलेजातली पोरं ४४४० ची आयसी आणून घरीच ॲम्प्लिफायर जोडायची. जळली तर दुसरी आयसी लावायची. कॉम्प्युटरच्या स्पीकरमध्ये ॲम्प्लिफायर, वीजपुरवठा, आवाजाची बटणं सगळं एकाच पाटीवर, सबवूफरच्या पोटात, त्याच्याच धक्क्यांनी हादरत असतं. पाटी गेली की तिन्ही खोकी भंगारात, मग त्यातले पडदे कितीही धडधाकट असोत. चांगले स्पीकर पंचवीस वर्षं टिकतात. फक्त पडद्याची कड रबराची आहे ना ते बघून घे. फोमची कड आपल्या दमट हवेत पोळीच्या पापुद्र्यासारखी सुटते. म्हणून जुनं घ्यायचं मनात आलं तर ॲम्प्लिफायर जुना चालेल, पण फोमचे जुने स्पीकर नकोत. सोनोडाइन, नॉर्ज, कॉस्मिक ही आपल्याकडचीच नावं. त्यांचे जुने ॲम्प्लिफायर अजून फिरत असतात. आवाजाची खुंटी फिरवताना खरखर आली तर घाबरू नकोस, ती साफ होते. गाणं न लावता गुणगुण येत असेल तर मात्र सोडून दे.

कॉम्प्युटरच्या स्पीकरना मी सरसकट नावं ठेवत नाही. तुझ्या ऑफिसच्या मीटिंगा, व्हिडिओ जोडण्याचं काम, हे टेबलाशी दोन फुटांवर बसून करायचं असतं. तिथे लहान स्पीकर छान काम देतात, आणि त्यासाठी साधी दोन नगांची जोडी पुरे. तुझ्या भावाने असं विचारलं असतं तर मी त्याला तेच घ्यायला सांगितलं असतं. तुझं ऐकणं सतरंजीवर बसून होतं, खोलीच्या मधोमध, डोळे मिटून. सगळा फरक तिथे आहे.

लॅमिंग्टन रोडला जा. कसारा लोकलने दादर, तिथून पश्चिमेची गाडी धरून ग्रँट रोड. रविवारी बरीचशी दुकानं बंद असतात, तेव्हा एखादी रजा टाक. मोबाइलमध्ये तीन गोष्टी भरून ने: नुसता तानपुरा पाच मिनिटं, बाईंचा आवाज आणि तुझा स्वतःचा आवाज. चौथी लावूच नकोस, कान थकतो. तुझा आवाज तुला परका वाटला तर तो स्पीकर खोटं बोलतोय, किंमत काहीही असो. आणि त्याआधी शक्य झालं तर कल्याण गायन समाजाच्या एखाद्या बैठकीला पुढच्या रांगेत बसून घे. भास्करबुवा बखल्यांच्या नावाने ते देवगंधर्व महोत्सव करतात, तोही चुकवू नकोस. जवळून तानपुरा ऐकलेला कान दुकानात फसत नाही. मोठ्या महोत्सवांत आपण ऐकतो तेही स्पीकरमधूनच, त्यामुळे खऱ्या लाकडाचा आवाज कसा असतो हे बहुतेकांना माहीतच नसतं, आणि मग दणका हाच त्यांना सूर वाटतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्याकडे इतकं सूक्ष्म संगीत आणि ते ऐकायला घरोघर आणतो काय, तर धपधप करणारी पेटी.

आणल्यावर जमिनीवर ठेवू नकोस. तू सतरंजीवर बसलीस की वरचा छोटा स्पीकर कानाच्या उंचीला यावा इतकंच उंच स्टूल हवं. भिंतीपासून फूटभर पुढे. दोघांमध्ये पाच-सहा फूट आणि दोघांपासून तू तेवढ्याच अंतरावर. समोरच्या उघड्या भिंतीवर आजीची गोधडी टांग. झंकार कमी होतो, हे मी तिथेच करून पाहिलं आहे. रुळांकडची खिडकी लावूनच ऐक. मालगाडी गेली की तेवढा वेळ थांबायचं, तिच्यावर आवाज चढवायचा नाही.

खर्च कमी पडला तर मला सांग, संकोच नको. जोडायला मी येईनच, तेव्हा तुझ्याकडून बागेश्री ऐकेन. ताईला नमस्कार सांग.

तुझा
मामा

ता. क. कॉम्प्युटर जोडल्यावर ५० हर्ट्झची गुणगुण आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघ. गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगचा. दोन्ही वस्तू एकाच तीन पिनांच्या बोर्डावर लाव. ॲम्प्लिफायरची तिसरी पिन तोडून टाक असं कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नकोस, त्यात जिवाला धोका आहे.