शून्य ते सहा

मेंदूचा रुग्ण किती बरा झाला, हे मोजायची डॉक्टरांची एक पट्टी आहे. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. आमच्या मोठीआईच्या कागदावर 'दोन' लिहिलं आहे. म्हणजे पूर्वीची सगळी कामं जमत नाहीत, पण स्वतःचं स्वतः करता येतं. हा निकाल चांगल्यातच धरतात.

तिच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटला होता. नागपूरला कवटी उघडून त्याच्या मानेवर क्लिप बसवली. अशी क्लिप पहिल्यांदा वॉल्टर डँडी यांनी 1937 साली लावली. आता मांडीच्या धमनीतून नळी नेऊन फुग्यात तारेची कॉइलही भरतात. 2002 साली 'लॅन्सेट'मध्ये 2143 रुग्णांचा 'इसॅट' अभ्यास आला. वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी झालेले कॉइलवाल्यांत शेकडा 24 च्या आसपास, क्लिपवाल्यांत 31 च्या. पण क्लिप जास्त टिकते. कॉइल भरलेला फुगा पुन्हा उघडण्याची शक्यता अधिक. म्हणून तपासणी सुटून चालत नाही.

रामाकोन्यात लोक म्हणतात, "चालते-बोलते ना, मग झालं!" पण अंबिया बहाराला संत्र्याच्या बागा फुलतात, तेव्हा मोठीआईला फुलं दिसतात, वास येत नाही. कपाळामागून शस्त्रक्रिया करताना वासाच्या नाजूक नसा दुखावू शकतात. दूध करपलं तरी तिला कळत नाही. दुपारपर्यंत ती थकून जाते. पेट्यांचा तोंडी हिशेब ठेवणारी बाई आता वहीत लिहून ठेवते, आणि मग वहीच शोधत बसते. यातलं काही त्या आकड्यात मावत नाही.

तपासणीच्या तारखेला संत्र्याची तोड सुरू होती. "काहून जा लागते? मी चांगली आहो," ती म्हणाली. गाडीभाडं, मजूर, एक दिवस. तिचंही खोटं नव्हतं. तरी आम्ही गेलो. या वेळी मी सगळं कागदावर लिहून नेलं. डॉक्टरांनी तो शांतपणे वाचला. रोज रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करायला सांगितलं. गळती झाली तर तिला वास येणारच नाही. हे घरात कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. दुपारी झोपायलाही सांगितलं. थकवा म्हणजे आळस नव्हे, हे घरच्यांसमोर बोलले, त्याचंच तिला जास्त बरं वाटलं.

परतताना तिनं विचारलं, "दोन म्हंजे पास झाली ना मी?"

"झालीस. पण पुढच्या परीक्षेलाही बसायचं आहे."