नळीची निगा

रविवार. नगरच्या रणगाडा संग्रहालयात आज ‘विजयंता’ रणगाड्यासमोर बराच वेळ रेंगाळलो. १०५ मिलिमीटरची त्याची लांब नळी पाहताना ती घासणाऱ्या हातांचा विचार मनातून जाईना.

गोळे डागून झाले की नळीत जळक्या दारूची काजळी बसते, तांब्याचा अंश पिळाच्या खाचांत चिकटतो. काजळी ओल धरते, ओलीने गंज चढतो आणि नेम बिघडतो. म्हणून नगरजवळच्या खारे कर्जुन्याच्या माळावर सराव आटोपला, तरी जवानांचं काम संपत नाही. लांब दांड्याला ब्रश लावून अनेकांनी मिळून तो आरपार ढकलायचा, मग कोरडं फडकं, शेवटी तेलाचा हात. पुन्हा डागण्याआधी तेच तेल पुसून नळी कोरडी करायची.

विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली याच नगरात ओतली गेली. ती काशाची, म्हणून गंजली नाही. पोलादाला मात्र माणसाची रोजची काळजी लागते.

लढाईच्या कथांत हे काम कुणी सांगत नाही. ते सांगितलं पाहिजे. रणगाड्याचा नेम या कष्टांवरच टिकतो.