घाट, तांबडी धूळ आणि स्टेअरिंगचे तेल

मुंबई ते रत्नागिरी हा रस्ता आपल्यातील हजारो चाकरमानी कुटुंबांना तोंडपाठ आहे. पनवेल, पेण, माणगाव, पुढे महाडला चवदार तळ्यापाशी घटकाभर थांबायचे, मग पोलादपूर, खेड, चिपळूण, संगमेश्वर आणि हातखंबा. पूर्वी याला सतरा नंबरचा हायवे म्हणत, आता तो सहासष्ट नंबरचा झाला. काशेडीला बोगदा झाला, त्यामुळे तिथली बरीच वळणे चुकली. तरीही परशुरामचा घाट, बावनदीची वळणे आणि हातखंब्यापासून खाली समुद्राकडे उतरणारा रस्ता आहेच. या सुमारे साडेतीनशे किलोमीटरमध्ये ड्रायव्हरच्या दंडाची आणि गाडीच्या स्टेअरिंगची चांगलीच परीक्षा होते.

गेल्या मे महिन्यात आम्ही दहा माणसे या रस्त्याने गावी गेलो. गाडी माझ्या चुलतभावाची. दादांनी निवृत्तीनंतर, फंडाच्या पैशातून, दहा आसनांची जुनी डिझेल गाडी घेतली. लग्नसराईत वऱ्हाड न्यायचे, कुणाला इस्पितळात पोचवायचे, सुट्टीत गावची माणसे ने-आण करायची, यावर त्यांचे घर चालते. या गाडीला पॉवर स्टेअरिंग आहे आणि गेले दोन महिने त्याचे तेल कुठून तरी गळत होते. दर आठवड्याला बाटलीभर तेल ओतावे लागे. मुंबईच्या एका गॅरेजवाल्याने नुसते खाली वाकून पाहिले आणि "पंप गेला, नवा टाका" असे सांगितले. खर्च मजुरीसह बारा हजार. दादांनी पतपेढीत कर्जाचा अर्जही भरून ठेवला होता.

घाटातला आवाज

चिपळूण जवळ येईपर्यंत गाडी ठीक होती. परशुरामच्या घाटात मात्र प्रत्येक वळणाला बॉनेटखालून घूंऽऽ असा आवाज येऊ लागला आणि स्टेअरिंग जड झाले. मागच्या सीटवर आई होती, दोन लहान मुले होती. दादांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, तेल भरले आणि मग सावकाश पुढे काढली.

इथे एक गोष्ट गाडीवाल्या प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. पॉवर स्टेअरिंगचे तेल संपले म्हणून चाके वळायची थांबत नाहीत, कारण स्टेअरिंगची लोखंडी जोडणी कायम असते. फक्त पंपाची मदत बंद होते आणि सगळा भार हातावर येतो. सरळ रस्त्यावर ते फारसे जाणवत नाही. घाटाच्या वळणावर, गाडी माणसांनी भरलेली असताना, ते अचानक घडले तर घात होऊ शकतो. शिवाय पंप तेलाशिवाय कोरडा फिरला की आतून झिजतो. म्हणजे आधी चांगला असलेला पंपही मग खरोखरच जातो.

अंगणातला रद्दी पेपर

आमचे गाव रत्नागिरीहून पावसकडे जाणाऱ्या रस्त्यावर. भाट्याचा पूल ओलांडला की एका बाजूला खाडी, दुसरीकडे समुद्र आणि सुरूची झाडे लागतात. मग चढण चढून गोळपच्या कातळावर यायचे. डांबरी रस्ता सोडला की वाडीपर्यंत जांभ्याची तांबडी वाट. मे महिन्यात तिथे गाडी गेली की मागे तांबड्या धुळीचा लोट उठतो. ही धूळ पुढे आमच्या कामी आली.

रात्री पोचल्यावर वहिनींनी सारवलेले अंगण खराब होऊ नये म्हणून गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरले. अंगण तर राखले गेलेच, पण निदानाची पहिली पायरीही त्यांनीच घातली. मातीवर पडलेला थेंब कशाचा ते कळत नाही, पांढऱ्या कागदावर कळते. डिझेल गाडीचे इंजिन ऑईल काळेभोर असते. रेडिएटरचे पाणी हिरवे किंवा नारिंगी आणि पाण्यासारखे पातळ असते. एसीचे पाणी रंगहीन असते व सुकून जाते. ब्रेकचे तेल फिकट असते आणि रंगावर सांडले तर रंग उडवते. पॉवर स्टेअरिंगला पुष्कळ गाड्यांत लाल तेल घालतात, जुने झाले की ते तपकिरी होते. सकाळी कागदावर तपकिरी-लालसर पाच डाग होते, सगळे पंपाच्या बरोबर खाली. दादा म्हणाले, "बघ, पंपच."

मिस्त्रींची तपासणी

दुसऱ्या दिवशी गाडी रत्नागिरीत एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. साठी उलटलेले, कमी बोलणारे गृहस्थ. डाग दाखवल्यावर ते म्हणाले, "तेल पडते ते शेवटचे ठिकाण. गळते ते वरचे ठिकाण. आधी गाडी धुऊया."

त्यांनी पंप, नळ्या, तेलाचा डबा, स्टेअरिंगची पेटी, सगळे डिझेलने व ब्रशने साफ केले, पुसून कोरडे केले. मग दादांना इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना वळवायला सांगितले आणि स्वतः बॅटरी घेऊन पाहू लागले. एका टोकाला पूर्ण वळवले की चार-पाच सेकंदांत सोडायला लावत. कारण त्यावेळी पंपाचा दाब सर्वांत जास्त असतो. टायरमध्ये आपण तीस पौंड हवा भरतो, पण पंपातून निघणाऱ्या नळीत तेव्हा हजार पौंडांच्या वर दाब जातो. म्हणून इंजिन चालू असताना या नळीवर हात फिरवून गळती शोधू नये. बारीक छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडीत घुसते. तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडले तर आगीचीही भीती असते.

गळतीच्या जागा मोजक्याच असतात, त्या त्यांनी एकेक करून दाखवल्या. पंपाच्या दांड्याचे सील. जास्त दाबाच्या नळीचे दाबून बसवलेले तोंड. परतीची साधी रबरी नळी व तिच्या क्लिपा. तेलाचा डबा व त्याचे झाकण. आणि स्टेअरिंगच्या पेटीची सीले. छोट्या गाड्यांत पेटीऐवजी रॅक असतो, त्याच्या दोन्ही टोकांच्या रबरी बुटांत तेल साठलेले सापडते. समुद्राकाठी खारी हवा आणि पावसाळा यांमुळे लोखंडी नळ्याही गंजून भोके पडतात, त्याही त्यांनी पाहिल्या.

अर्ध्या तासात एक थेंबही दिसला नाही. इंजिन फारसे तापले नव्हते. मिस्त्री म्हणाले, "आता गावाला जा. चढ चढू दे, तांबड्या वाटेवरून जाऊ दे. उद्या सकाळी तशीच आणा. पुसू नका."

धुळीने दाखवलेली वाट

तिसऱ्या दिवशी बॉनेट उघडले आणि सर्वांनाच उत्तर दिसले. कोरड्या भागांवर धुळीचा पातळ थर होता, फुंकर मारली की उडणारा. पंपावर मात्र तांबड्या चिखलाचा ओघळ चिकटला होता. तो पंपाच्या सीलपाशी सुरू होत नव्हता. तो वर वर जात होता, परतीच्या नळीच्या अंगाने, थेट तेलाच्या डब्याला नळी जोडते त्या क्लिपेपर्यंत. शहरातले कारागीर संशयाच्या जागी टाल्कम पावडर उडवतात, इथे ते काम जांभ्याने फुकट केले.

क्लिप सोडली. नळीचे टोक कडक होऊन तडकले होते, आणि कुणीतरी क्लिप जास्त आवळल्याने रबर कापले गेले होते. तेल थंड असताना ही चीर बंद राही. घाटात तेल तापून पातळ झाले की झिरपे, नळीवरून ओघळून पंपावर येई आणि पंपाखाली पडे. पंप शाबूत होता.

नळी आणायला मिस्त्रींनी मुलाला पाठवले, तोवर आम्ही आईला व मुलांना थिबा राजवाड्यात नेले. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. हा वाडा १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. बौद्ध देशाचा राजा, आणि आयुष्याची शेवटची तीस वर्षे परक्या गावात नजरकैदेत. अर्धगोल नक्षीच्या खिडक्या आणि टेकडीवरून दिसणारी भाट्याची खाडी पाहून आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढा वाडा, पण गावी जायची मुभा नाही." आम्ही मात्र दरवर्षी जातो, हे तेव्हा प्रकर्षाने जाणवले.

पुढचे काम

परत आलो तेव्हा नवी नळी बसत होती. ती तेलाची नळी असावी लागते. पाण्याची साधी नळी या तेलाने फुगते आणि मऊ पडते. तेलही झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिले असेल तेच घालावे. मग गाडीची पुढची चाके उचलून, आधी इंजिन बंद ठेवून आणि नंतर चालू करून, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवले. डब्यातला फेस व बुडबुडे थांबले, म्हणजे आत अडकलेली हवा निघाली. घूं आवाजही गेला. जुने तेल मिस्त्रींनी डब्यात जमा केले, पऱ्यात ओतले नाही.

नळी, दोन क्लिपा, तेल आणि मजुरी मिळून खर्च दीड हजारांच्या आत. पतपेढीचा अर्ज दादांनी मुंबईला जाताच मागे घेतला. पुढचे तीन दिवस वहिनींनी रोज नवा पेपर पसरला, तो रोज कोरा निघाला.

अलीकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत विजेच्या मोटारीवर चालणारे स्टेअरिंग असते, त्यात तेलच नसते. पण आपल्यातील अनेकांची रोजीरोटी अजून जुन्या गाड्यांवर आहे. त्यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा तरी तेलाची पातळी व नळ्या पाहाव्यात. वारंवार तेल घालावे लागत असेल तर गळती आहेच, हे समजावे. आणि कुणी मोठा खर्च सांगितला, तर आधी त्याला एवढेच विचारावे, "मिस्त्री, धुऊन पाहिलेत का? ओल कुठून सुरू होते, ते मला दाखवा."