मनूला, परिक्रमेला निघण्याआधी

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

चि. मनूस,


काल तू जेवून गेलीस आणि तुझं एक वाक्य मागे राहिलं. भाकरी मोडता मोडता तू अगदी सहज म्हणालीस, "सत्तर-दोनशेची लेन्स असली की बरं असतं आत्या, लांबूनच फोटो घेता येतो, कुणाला विचारत बसावं लागत नाही." तुझी आई समोर बसली होती, तिला आधीच तुझ्या नर्मदा परिक्रमेला जाण्याची धास्ती, म्हणून मी गप्प राहिले. पण रात्रभर डोळा लागला नाही. फोन केला असता तर मी चिडले असते आणि तू 'हो, हो' करून ठेवून दिला असतास. म्हणून लिहिते आहे. शांतपणे वाच.

तू विचारलंस एवढंच, की एकच कॅमेरा आणि एकच लेन्स न्यायची तर कुठली. ते आधी सांगून टाकते. नवा कॅमेरा घेऊ नकोस. तुझी कॅननची २००डी उत्तम आहे. बॅटरी आणि कार्ड धरून साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरते. शिवाय तिच्यात आरशातून थेट बघता येतं, पडदा सतत पेटता ठेवावा लागत नाही, त्यामुळे बॅटरी पुरते. आश्रमात एका बोर्डाला वीस फोन लटकलेले असतात, तिथे तुझ्या चार्जरचा नंबर कधी लागणार? आणि लेन्स माझी ने, ईएफ-एस २४ मिमी, एफ/२.८. सव्वादोन सेंटिमीटर जाड, १२५ ग्रॅम वजन. सगळं मिळून सहाशे ग्रॅमच्या आत. तुझ्या मित्राची ती पांढरी सत्तर-दोनशे एकटीच दीड किलोच्या घरात जाते. अडीच हजार किलोमीटरांहून जास्त चालायचं आहे तुला, मनू. दीड किलो म्हणजे दीड लिटर पाणी.

दुकानात गेलीस तर तो तुला ५० मिमी एफ/१.८ दाखवेल. स्वस्त आहे, मागचं छान धूसर येतं, सगळे हीच नेतात, असं सांगेल. लेन्स वाईट नाही. पण तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यावर ती ८० सारखी वागते. ओसरीवर भिंतीला पाठ टेकवून उभी राहिलीस तरी चुलीपुढची बाई आणि चूल एका चौकटीत बसायची नाही. आणि मागचं सगळं धूसरच करायचं असेल तर नर्मदेपर्यंत जायचं कशाला? पर्वतीच्या पायथ्याशीही चेहरे मिळतात. २४ मात्र तुझ्या बॉडीवर साधारण ३८ सारखी दिसते, डोळा एका नजरेत जेवढं धरतो तेवढं. नदीचं मोठं पात्र, डोंगर, सूर्योदय हवा असेल तर फोन आहेच, त्याची मुख्य लेन्स याहून रुंद असते. शंका असेल तर आत्ताच करून बघ. तुझ्या १८-५५ ची रिंग २४ च्या खुणेवर आण आणि चिकटपट्टी लाव. आठ दिवस मंडईत, शनिवारवाड्यापुढे, बसस्टॉपवर तशीच फिर. पहिले दोन दिवस हात सारखा रिंगेकडे जाईल. तिसऱ्या दिवसापासून पाय हलायला लागतील.

आता मला जे बोलायचं आहे ते. या २४ चं गणित सोपं आहे. समोरच्यापासून जेवढ्या अंतरावर उभी राहशील, जवळजवळ तेवढीच रुंदी चौकटीत मावते. पाच फुटांवर उभी राहिलीस तर साडेचार फुटांहून थोडं जास्त. म्हणजे बसलेला एक माणूस, त्याचे हात, हातातलं काम आणि शेजारचा तांब्या. पाच फूट हे बोलण्याचं अंतर आहे. त्या अंतरावर माणसाला 'नर्मदे हर' म्हटल्याशिवाय उभं राहताच येत नाही. हीच चौकट २०० वर घ्यायची तर तुला चाळीस फुटांहून मागे जावं लागेल. तिथून आवाज पोचत नाही, पण चेहरा मात्र तुझ्या कार्डात येऊन पडतो. तुला हीच सोय वाटली. मला त्याचंच वाईट वाटलं.

महेश्वरचा माझा तो प्रिंट तू पाहिलेला आहेस, कपाटामागे उलटा ठेवलेला. भिंतीवर का लावत नाहीस म्हणून लहानपणी विचारायचीस. १९९१ चा हिवाळा. एफएम२ कॅमेऱ्यावर कुणाकडून तरी मागून आणलेली १३५ ची लेन्स लावली होती आणि अहिल्याबाईंच्या वाड्याच्या तटावरून खाली घाटावर बघत होते. एक म्हातारी नदीतून वर आली, ओलं लुगडं पिळत होती. उजेड असा सुंदर होता की मी तीन फ्रेम घेतल्या. तिसऱ्या फ्रेमला तिने वर पाहिलं आणि घाईघाईने पदर डोक्यावर ओढला. फोटो तोच. पुढे त्याचं फार कौतुक झालं. तुझ्या बाबाने मात्र तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि मला विचारलं, "ताई, या बाईंचं नाव काय?" त्याला टोमणा मारायचा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या वर्षी मी महेश्वरला फक्त ५० घेऊन गेले. एका विणकराच्या घरी माग चालू होता. दारातून विचारलं तर म्हणाले, बसा. अर्धा तास कॅमेरा मांडीवरच होता. ताणा कसा भरतात, काठाचे धागे वेगळे का धरतात, ते त्यांनीच दाखवलं. मग दोन फ्रेम घेतल्या, दोनच. छत्तीस फ्रेमांचा रोल मला तेव्हा तीन दिवस पुरायचा. प्रिंट पोस्टाने पाठवला, पोच म्हणून कार्ड आलं. ते अजून माझ्या देवघरात आहे. आणि तू हंपीहून चार हजार फोटो आणलेस! त्या टोपलीसारख्या होडीतल्या माणसाचा फोटो मी मागितला तर तुला दोन वर्षांत सापडलेला नाही. रागावत नाही, पण विचार कर.

परिक्रमेत तर तू नुसती प्रवासी नसशील. लोक तुला 'माताराम' म्हणतील. ओळख ना पाळख, सकाळी बोलावून बालभोग देतील. ज्यांच्या घरी दोन घास पुरेसे नाहीत तेही सदाव्रताचं पीठ-डाळ पुढे करतील. त्यांच्या अंगणात बसून जेवायचं आणि फोटो मात्र नाक्यावरून लपून घ्यायचा? अमृतलाल वेगडांचंच बघ. ते जबलपूरचे, शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकलेले. १९७७ पासून ते नर्मदेकाठी टप्प्याटप्प्याने चालले ते रेखाटनं करत. कागद-पेन्सिलीला लांबची लेन्स लावता येत नाही, माणसासमोर बसावंच लागतं, आणि तेवढ्या वेळात माणूस बोलायला लागतो. त्यांची चित्रं बघताना मला हे सारखं जाणवतं. एकच लेन्स म्हणजे मला तसाच नेम वाटतो. परिक्रमेचेही नेम आहेतच की. नदी उजव्या हाताला ठेवायची, समुद्र येईपर्यंत ती ओलांडायची नाही, कितीही सोपं पडत असलं तरी. तू ते सगळे पाळायला निघाली आहेस, मग हा एक आणखी पाळ. जे चित्र २४ मध्ये येत नाही ते तुझं नाही म्हणून सोडून दे. उंच उडालेला बगळा, पैलतीरावरची आरती, दूरची होडी, सगळं नुसतं बघ.

आणि न्हाणाऱ्या बायकांचा फोटो नको. विचारूनही नको.

वाळूचं तर लिहायचंच राहिलं. एकच लेन्स असली की ती काढायची नाही, काढली नाही की आत धूळ जात नाही. पहाटे दव फार पडतं, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मगच सॅकमध्ये ठेव. पण कॅमेऱ्याचं काय, तो दुरुस्त होतो. ओंकारेश्वरला पात्रातल्या खडकांवर फोटोसाठी जाऊ नकोस. वरच्या धरणातून पाणी सोडलं की ते खडक बघता बघता बुडतात. भोंगा वाजला की आधी काठ गाठायचा, फ्रेम अर्धी राहिली तरी. शूलपाणीच्या झाडीत एकटी मागे रेंगाळू नकोस. फोटो काढणारा माणूस हमखास मागे पडतो, मला माहीत आहे, आणि पुढचे चालत राहतात. मुखाशी समुद्रातून पलीकडे नेणारी बोट भरतीच्या वेळेवर सुटते आणि खच्चून भरते. त्यात उभी राहून फोटो काढलास असं कळलं तर मी तुझ्याशी बोलणार नाही. गुडघ्याचं बघ. मोज्यांचे तीन जोड घे. रोज जमलं नाही तरी तिसऱ्या दिवशी आईला फोन कर, मला नाही केलास तरी चालेल. तुझ्या आईला रात्री दम लागतो, हे ती तुला सांगत नाही.

एक छोटी वही ठेव. ज्याचा फोटो घेशील त्याचं नाव आणि गाव त्याच्यासमोर लिही. परत आलीस की प्रिंट मी काढून देईन, सगळ्यांना पोस्टाने पाठवू. खर्च माझा.

कार्तिकी एकादशीच्या आत एकदा घरी ये आणि २४ घेऊन जा, तिची दोन्ही झाकणं मी पुसून ठेवली आहेत. ती सत्तर-दोनशे मात्र तुझ्या मित्राला परत देऊनच ये.

तुझी,
आत्या