अर्धा इच्चू

माझ्या आज्जीच्या डाव्या हातावर एक विंचू आहे. त्याला शेपूट नाही.

कोपराखाली आतल्या बाजूला तुळशीवृंदावन, त्याच्या दोन्ही अंगांना चांदण्या, मनगटाजवळ ठिपक्यांची ओळ आणि या सगळ्यांच्या मधे तो विंचू. नांग्या आहेत, पाय आहेत, अंग आहे. शेपूट सुरू होते तिथं दोन ठिपके आणि पुढं नुसती कातडी. आमच्या उमरीच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आज्जी दहा-अकरा वर्षांची असताना तिच्या माहेरी दारात गोंदणारीण आली. आईनं तिला मांडीत धरून बसवलं. तुळस सोसली, चांदण्या सोसल्या आणि शेपटीच्या दुसऱ्या टोच्याला हात हिसडून ती पळाली ती थेट ज्वारीच्या रानात. गोंदणारणीनं दिवस मावळेपर्यंत वाट बघितली. मग सूपभर ज्वारी आणि एक जुनं लुगडं घेऊन ती निघून गेली. पुन्हा त्या गावाला आलीच नाही.

"इच्चू गोंदला की इच्चू चावत नाही म्हणत्यात," आज्जी सांगते. "मला तीनदा चावला. अर्धाच हाय ना!"

मी टॅटू काढते. उमरीहून सकाळच्या रेल्वेनं नांदेडला जाते आणि रात्री परत येते. याआधी मी मेंदी काढायचे. लग्नसराईत एका दिवसात दहा-दहा हात. मेंदीच्या कोनाला छाप नसतो, खोडरबर नसतो. समोरचा हात बघायचा आणि अंगठ्यापासून सुरू करायचं. त्याला 'फ्रीहँड' म्हणतात हे मला स्टुडिओत गेल्यावर कळलं.

स्टुडिओत बहुतेक कामं स्टेन्सिलनं होतात. गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो दाखवतं, ते डिझाइन छोट्या मशीनमधून जांभळ्या कार्बनच्या कागदावर उतरतं, तो कागद कातडीवर दाबला की छाप उमटतो. मग त्या छापावरून सुई फिरवायची. काम सरळ, चूक कमी. फ्रीहँडमध्ये कागदच नसतो. कातडीवर मार्करनं थेट चित्र काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. आधी फिका रंग, त्यावर नक्की झालेली रेघ गडद रंगानं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर ज्या पेनानं अंगावर खुणा करतात, तसलाच हा पेन.

गंमत म्हणजे टॅटूचं मशीन जन्मलं तेच कागदाच्या धंद्यातून. एडिसननं १८७६ साली विजेच्या पेनाचं पेटंट घेतलं. कागदाला बारीक भोकं पाडून त्यावरून नकला काढायसाठी तो पेन होता. त्याच कल्पनेवरून १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायलीनं टॅटू मशीनचं पेटंट मिळवलं. आमच्या दारात येणाऱ्या गोंदणारणीला यातलं काहीच लागत नव्हतं. दोऱ्यानं बांधलेल्या तीन-चार सुया आणि दिव्याची काजळी. डिझाइन तिच्या डोक्यात.

ती काजळी काळी असते, पण आज्जीचं गोंदण हिरवट निळं दिसतं. काळा रंग कातडीखाली गेला की वरची कातडी निळा उजेड जास्त परत फेकते, म्हणून तसं दिसतं. उमरीहून रेल्वेनं धर्माबाद ओलांडलं की थोड्याच वेळात बासर येतं, तेलंगणा सुरू होतो. तिकडं तेलुगूत गोंदणाला 'पच्चबोट्टु' म्हणतात. पच्च म्हणजे हिरवं, बोट्टु म्हणजे टिकली. त्यांनी नावच दिसण्यावरून ठेवलंय.

सुरुवातीला मला वाटायचं, मेंदीचा हात आहे, फ्रीहँड सहज जमेल. पहिल्याच मोठ्या कामात फजिती झाली. एकाच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत सरळ वेल काढायची होती. त्याला टेबलावर हात ठेवायला लावला, तळवा वर, आणि झकास सरळ वेल काढली. तो उभा राहिला, हात खाली सोडला आणि वेल दोरीसारखी पिळली गेली. तळवा फिरवला की कोपराखालची दोन हाडं एकमेकांवरून फिरतात आणि वरची कातडी त्यांच्याबरोबर जाते. अजून सुई लावली नव्हती म्हणून वाचले. तेव्हापासून मी माणसाला उभं करून चित्र काढते. हात जसा एरवी लोंबतो तसा लोंबू द्यायचा. मग म्हणायचं, गाडी चालवताना धरता तसा धरा. पाण्याची कळशी उचलता तसा उचला.

या उभं राहण्यात माणूस बोलायला लागतो. स्टेन्सिल दोन मिनिटांत बसतं. फ्रीहँड चित्राला कधी तास, कधी दोन तास. तेवढा वेळ एका अनोळखी माणसाचा हात आपल्या हातात असतो.

मागच्या हिवाळ्यात एक पोरगा आला. एकोणीस वर्षांचा असेल. खांद्यापासून कोपरापर्यंत वाघ पाहिजे होता, आणि तो कुणाच्याच हातावर नसेल असा. पैसे रोख आणले होते. मी काढायला घेतलं. दंडाच्या गोलाईवर वाघाचं कपाळ बसवलं, खांद्याच्या हाडावर कान. त्याच्या पायातल्या बुटांना लाल माती लागलेली होती. सहज विचारलं, "कुठून आलास रे?"

"ग्राउंडवरून, ताई. रोज पाचला पळायलो. अग्निवीरची तयारी चालू हाय."

माझा पेन थांबला. सैन्यभरतीत कायमच्या टॅटूला परवानगी आहे ती कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या पाठीवर. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत मिळते. बाकीच्यांच्या दंडावर वाघ असला की मेडिकलला अडचण. मी त्याला सांगितलं.

"बाहीखाली झाकून जाईल की, ताई."

"मेडिकलला बाही असते का रे?"

तो गप्प झाला. आरशासमोर गेला. वाघ खरंच छान झाला होता, मलाही पुसवत नव्हता. त्यानं दंड फुगवून बघितला, मोबाईलवर दहा-बारा फोटो काढले. मग म्हणाला, "पुसा." मी स्पिरिटच्या कापसानं वाघ पुसला. जाताना तो माझ्यावर थोडा रागावलेला होता असं वाटलं. मालक तर रागावलेच होते. त्यांचं म्हणणं, मोठ्या माणसाला त्याचं बरंवाईट कळतं, आपण आपलं काम करावं. त्यात तथ्य नाही असं मला म्हणता येत नाही. पण त्या दिवशी स्टेन्सिल असतं तर मी बूट बघितलेच नसते.

आमच्या भागात बऱ्याच जणांचं पहिलं गोंदण जत्रेतलं असतं. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची मोठी जत्रा भरते. जनावरांचा बाजार, तमाशाचे तंबू, आणि कडेला बॅटरीवर मशीन चालवणारे गोंदणवाले. फळीवर नमुने रंगवलेले असतात : बदाम, त्रिशूळ, मोर, 'आई'. मी आठवीत असताना अशाच एका जत्रेत माझ्या मनगटावर नावाचं पहिलं अक्षर काढून घेतलं. माझ्या आधी रांगेत सहा जण होते आणि सुई एकच होती. तेव्हा काही वाटलं नाही. कावीळ ब आणि क, एचआयव्ही अशा सुईतून पसरू शकतात हे धंद्यात आल्यावर शिकले आणि त्या रात्री झोप लागली नाही. तपासणी करून घेतली, सगळं नीट निघालं. टॅटू काढल्यावर वर्षभर रक्तदान करू देत नाहीत, ते यासाठीच. आज मी प्रत्येक गिऱ्हाइकासमोर सुईचं पाकीट फोडते. त्यांनी बघितलं नाही तर बघायला लावते.

हे सगळं मी आज्जीला सांगते. ती ऐकते आणि शेवटी हात पुढं करते. "मग माझी शेपूट कवा काढतीस?"

आधी मी हसण्यावारी नेलं. पण ती मनापासून म्हणत होती. तिच्या वयाच्या बायकांमध्ये पक्की समजूत आहे की माणूस जाताना डोरलं, पाटल्या, जोडवी सगळं काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं. "वर गेल्यावर अर्धा इच्चू दाखवू काय?" ती विचारते. "नात सुया टोचायचं काम करती आन आज्जीचा इच्चू बांडा!"

आज्जीला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. साखर आहे. हाताची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीय, साधा धक्का लागला तरी जांभळं पडतं. टॅटूची शाई वरच्या थराच्या खाली, एक ते दोन मिलिमीटर खोल ठेवायची असते. वरचा थर महिनाभरात झडून नवा येतो, त्यात ठेवली तर टिकत नाही. फार खोल गेली तर पसरते, रेघेची शाई सांडल्यासारखी होते. आज्जीच्या हातात हा मधला थर मला सुईच्या टोकाला नीट लागेल याची खात्री नाही. डॉक्टरांना विचारलं. ते नाहीच म्हणाले. जखम भरणार नाही, या फंदात पडू नका.

आज्जीला सांगितलं तर म्हणाली, "डॉक्टरला काय कळतं. तूच भेतीस."

ते खरंच होतं. मला काळजी किती आणि भीती किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही. त्या पोराला मी नको म्हणाले तेव्हा त्याच्यापुढं नोकरी होती. आज्जीपुढं काय आहे? तिचा हात, तिचा विंचू, तिचा निर्णय. मालकांचं वाक्य मला तेव्हा नेमकं आठवतं.

एकदा तिला मोबाईलवर वांग-ओडचे व्हिडिओ दाखवले. फिलिपिन्सच्या कलिंगा भागातल्या बुस्कालान गावची ही गोंदणारी बाई. झाडाचा काटा बांबूच्या काडीत अडकवायचा, काजळी-पाण्यात बुडवायचा आणि वरून दुसऱ्या काडीनं ठोकत जायचं. २०२३ च्या एप्रिलमध्ये, १०६ व्या वर्षी, ती तिथल्या 'व्होग' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. आज्जीनं फोन डोळ्यांजवळ नेला. "ही आपल्याकडची काय?" मग बराच वेळ नुसत्या काडीकडं बघत राहिली. "ही बाई असती तर मी पळाले नसते. किती हळू हात हाय."

त्या रविवारी मी मार्कर घरी आणला. म्हणलं, सुई नाही, पण शेपूट काढते. आज्जीला उभं केलं. हात सोडायला लावला. जुने दोन ठिपके कुठल्या दिशेला चाललेत ते बघितलं. गोंदणारीण शेपूट आत वळवणार होती की बाहेर, ते त्या दोनच ठिपक्यांवरून ओळखायचं होतं. कातडी तेव्हा दहा वर्षांच्या पोरीची होती, घट्ट. आता सैल पडलीय, ठिपके सरकलेत. मी अंगठ्यानं कातडी थोडी ताणली आणि ते वरच्या बाजूला बघायला लागले. शेपूट तुळशीकडं वळायची होती. पाच ठिपके, मग नांगी.

आज्जीनं हात खिडकीच्या उजेडात नेला. "आता चावंल का?"

"कुणाला?"

"तुझ्या डॉक्टरला."

पेनाची शाई चार-पाच दिवसांत जाते. म्हणून दर रविवारी मी ती पुन्हा काढते. सुईचं भांडण संपलेलं नाही, चहाच्या वेळी ते निघतंच. मधल्या बुधवारी आई सांगत होती, आज्जी आंघोळीला जाताना डाव्या हाताला कॅरीबॅग गुंडाळते आणि वरून रबर लावते.