गवताच्या पलीकडे समुद्र

मसलबरो, सोमवार

प्रिय ताई,


एडिंबरातल्या लीथचं भाड्याचं घर सोडायचं हे पक्कं झालंय, जायचं कुठे ते नाही. म्हणून रजा टाकून नवरा, लेक आणि मी असे तिघं एडिंबराच्या पूर्वेचा किनारा धरून निघालोय. गाव फिरायचं, घरं बघायची आणि सकाळच्या गाडीनं नवरा ऑफिसला किती वेळात पोचतो ते घड्याळ लावून तपासायचं. रजेतही माणूस ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन परत येतो, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते ओळख.

या पट्ट्याचं नाव ईस्ट लोदियन. पन्नासेक किलोमीटरच्या किनाऱ्यावर गोल्फची वीसेक मैदानं आहेत. फोनवर तू विचारलंस, "तुमच्यात गोल्फ कुणाला येतं?" कुणालाच नाही. पण इथे घर शोधताना गोल्फ टाळता येत नाही. गाव संपतं तिथे मैदान सुरू होतं आणि मैदान संपतं तिथे समुद्र.

मसलबरोचं जुनं मैदान तर घोड्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकच्या आत आहे. नऊच होल, पण इथल्या खेळाची लेखी नोंद १६७२ सालची. १८७४ ते १८८९ या काळात ब्रिटिश ओपन ही स्पर्धा इथे सहा वेळा झाली. जगभर गोल्फचं होल सव्वाचार इंचांचं असतं त्याचं मूळही इथलंच: १८२९ सालचं इथलं होल पाडायचं हत्यार तेवढ्या मापाचं होतं आणि पुढे तोच नियम झाला.

मला मात्र आवडली ती कोळणींची गोष्ट. इथल्या फिशरो बंदरातल्या बायका पाठीवर मासळीची टोपली घेऊन एडिंबरापर्यंत चालत जायच्या आणि सवड मिळाली की गोल्फ खेळायच्या. १८११च्या जानेवारीत त्यांच्यासाठी स्पर्धा ठरली. बक्षीस काय, तर मासळीची नवी टोपली आणि रेशमी रुमाल! बायकांच्या गोल्फ स्पर्धेची सगळ्यांत जुनी नोंद म्हणून हिचंच नाव घेतात. हे लक्षात ठेव, पुढच्या पत्रात लागेल.

एडिंबराच्या वेव्हर्ली स्टेशनाहून इथे गाडी दहा मिनिटांच्या आत येते. पण स्टेशन गावाच्या एका टोकाला आणि समुद्र दुसऱ्या. शिवाय शहर सोडून आल्यासारखं वाटतच नाही. लेकीनं बंदरावर चिप्स खाल्ल्या आणि "पुढचं गाव दाखवा" असा निकाल दिला.

बाबांना नमस्कार.
तुझी धाकटी

गलन, मंगळवार

प्रिय ताई,

आज १२४ नंबरच्या बसनं आलो. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली. वाटेत ॲबरलेडीची खाडी लागते. १९५२ साली ब्रिटनमधलं पहिलं स्थानिक निसर्ग राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालेली जागा ही. सप्टेंबरअखेर आइसलँडकडचे गुलाबी पायांचे हंस इथे उतरायला लागतात. ओहोटीच्या चिखलावर त्यांचा असा कलकलाट चालला होता की बसच्या काचेतूनही ऐकू येत होता.

इथे इतकं गोल्फ का, याचं उत्तर जमिनीत आहे. आतल्या बाजूची शेतं स्कॉटलंडमधल्या सर्वांत कसदार शेतांपैकी आहेत, पण किनाऱ्यालगतची पट्टी सगळी वाळूची. नांगर घालून उपयोग नाही. पाऊस पडला की पाणी झिरपून जातं, वर येतं ते आखूड, चिवट गवत. मेंढ्या आणि ससे ते आणखी आखूड ठेवायचे. वारा अडवायला मेंढ्या ज्या खळग्यांत बसत तेच पुढे बंकर झाले, असं सांगतात. थोडक्यात, ज्या जमिनीचं दुसरं काही होत नव्हतं तिथे लोक चेंडू मारायला लागले. आज तिच्या शेजारच्या घराला सोन्याचा भाव आहे.

गलनच्या टेकडीवर चढलो. खाली तीन मैदानं, पलीकडे फर्थ ऑफ फोर्थची खाडी आणि पश्चिमेला अगदी लांब एडिंबरा. गावात मुलांसाठी सहा होलचं वेगळं मैदान आहे, फुकट. मोठ्यांना लहान मूल सोबत असेल तरच खेळता येतं! लेकीनं आम्हाला दोघांना मोठ्या ऐटीत आत नेलं. तिचा चेंडू जेमतेम चार हात गेला, माझा तोही नाही.

तिथून पायी थोड्याच अंतरावर म्युअरफील्ड. तिथला गोल्फ क्लब मूळचा आमच्या लीथचा. गोल्फचे पहिले तेरा लेखी नियम १७४४ साली यांनीच केले, तेही आम्ही लेकीला झोपाळ्यावर न्यायचो त्याच हिरवळीवरच्या खेळासाठी. लीथमध्ये गर्दी झाली म्हणून १८३६मध्ये ते मसलबरोला गेले, तिथे गर्दी झाली म्हणून १८९१मध्ये इथे आले. म्हणजे शहराला कंटाळून किनारा धरणारे आम्ही पहिले नाही. ओपन इथे सोळा वेळा झाली. पण बायकांना सभासद करून घ्यायचा प्रश्न २०१६मध्ये मताला आला तेव्हा लागणारी दोन तृतीयांश मतं पडली नाहीत. यापुढे ओपन इथे होणार नाही, असं स्पर्धा भरवणाऱ्यांनी जाहीर केलं. पुढच्या वर्षी पुन्हा मतदान झालं, ठराव पास झाला आणि २०१९मध्ये पहिल्या बायका सभासद म्हणून आल्या. २०२२ला बायकांची ओपनही झाली, दक्षिण आफ्रिकेच्या ॲशली बुहायनं जिंकली. मसलबरोच्या कोळणी आठवल्या का? टोपली खाली ठेवून खेळणाऱ्या त्या बायकांपासून इथल्या फाटकापर्यंत यायला दोनशे वर्षं लागली, आणि अंतर बसनं तासाभराच्या आतलं.

गाव सुंदर आहे, पण रेल्वे नाही. १८९८मध्ये आली होती, प्रवाशांसाठी १९३२मध्ये बंद झाली. ड्रेम स्टेशनपर्यंत गाडी काढायची, पार्किंग शोधायचं, मग रेल्वे. यानं मान हलवली. मीही.

तुझी धाकटी

नॉर्थ बेरिक, बुधवार

प्रिय ताई,

या गावात आलं की वाटतं, शोध संपला. मग किमती दिसतात.

रेल्वेचा फाटा १८५० सालचा आहे. पूर्वी एडिंबराची श्रीमंत मंडळी उन्हाळ्यात इथे हवापालटाला यायची, आता त्याच रुळांवरून नोकरदार रोज शहरात जातात. वेव्हर्ली सुमारे पस्तीस मिनिटं. आता गर्दीच्या वेळचं जादा भाडंही रद्द झालंय, त्यामुळे याची बोटं सारखी हिशेब करताहेत. पण गाडी साधारण तासाला एक. सकाळी एक चुकली की पुढचा तास समुद्र बघत बसायचं. बॉसला ते कारण पटेल असं नाही.

पश्चिमेचं मैदान गावाच्या अंगणात असल्यासारखं आहे. पंधराव्या होलचं नाव रेडॅन. त्याची नक्कल जगभरच्या मैदानांवर केलेली आहे. तेराव्याला तर मध्ये दगडी कुंपण येतं आणि चेंडू त्यावरूनच मारावा लागतो. भिंत आधीची आहे, खेळानं तिच्याशी जुळवून घेतलं. सगळ्यांत नवल म्हणजे याच गवतावरून लोक कुत्री घेऊन, बादल्या-फावडी घेऊन सरळ समुद्रावर जातात. २००३च्या कायद्यानं इथे बहुतेक कुणाच्याही जमिनीवरून जबाबदारीनं चालत जायचा हक्क आहे. गोल्फचं मैदानही ओलांडता येतं, फक्त होलभोवतीच्या ग्रीनवर पाय द्यायचा नाही आणि खेळणाऱ्याला अडवायचं नाही. एक आजोबा चेंडू मारायच्या पवित्र्यात होते. आम्ही थांबलो, त्यांनी मारला, हात वर केला, आम्ही गेलो.

समोर बास रॉक. लांबून खडूचा डोंगर वाटतो, पण तो पांढरा रंग गॅनेट पक्ष्यांचा आणि त्यांच्या विष्ठेचा. २०१४च्या मोजणीत पंचाहत्तर हजार जोड्या होत्या, या जातीची जगातली सर्वांत मोठी वसाहत. २०२२मध्ये बर्ड फ्लूनं फार पक्षी मेले. तरी अजून नजर ठरत नाही इतके आहेत.

आता घराचं. इथली पद्धत भाऊजींना मुद्दाम सांग. विकणाऱ्यानं आधीच घराची तपासणी करून होम रिपोर्ट काढायचा. त्यात भिंतीच्या ओलीपासून छपरापर्यंत सगळं आणि किंमतही. जाहिरातीत लिहितात, 'अमुक रकमेच्या वर'. घेणारे बरेच झाले की एक दिवस आणि वेळ ठरते, त्याआधी प्रत्येकानं आपल्या वकिलामार्फत एकच आकडा कळवायचा. दुसऱ्याचा आकडा कुणालाच माहीत नाही. बँक कर्ज देते ते रिपोर्टातल्या किमतीवर, वरची बोली स्वतःच्या खिशातून. 'वरचे पैसे' म्हटल्यावर भाऊजी गालात हसतील, तर सांग, इथे तेही खात्यातूनच जातात. शिवाय सरकारी कर. चार लाख पौंडांच्या घराला, पहिल्या घराची सवलत धरूनही, १२,७५० पौंड.

२०२४मध्ये 'संडे टाइम्स'नं हे गाव ब्रिटनमध्ये राहायला सर्वांत उत्तम ठरवलं. अशा बातमीनंतर भाव खाली येत नाहीत. आम्ही दोन खोल्यांचं एक घर पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसत होता, ओट्यावर मात्र कुकर ठेवायलाही जागा नव्हती. सोबतची एजंट म्हणाली, बरीच बोली येईल. आम्ही चहा प्यायला बाहेर पडलो.

तुझी धाकटी

डनबार, शुक्रवार

प्रिय ताई,

नकाशावर डनबार नॉर्थ बेरिकपेक्षा लांब, पण एडिंबरा–लंडन मुख्य मार्गावर असल्यानं वेव्हर्ली वीस-पंचवीस मिनिटांवर. घर घेताना किलोमीटर मोजायचे नाहीत, रूळ कुठला ते बघायचं, हे इथे कळलं. पाऊस कमी म्हणून या गावाची ख्याती. आम्हालाही ऊनच मिळालं.

हे गाव नटलेलं नाही. दक्षिणेला टॉर्नेसचं अणुवीज केंद्र आणि सिमेंटचा कारखाना, बंदरात खरोखरचे मच्छीमार, पडक्या किल्ल्याच्या भिंतींत किटिवेक पक्ष्यांची घरटी. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांसाठी झगडलेला जॉन म्युअर १८३८ साली इथेच जन्मला. अकरा वर्षांचा होईपर्यंत याच खडकांवर हुंदडला. त्याच्या नावाची पायवाट गोल्फच्या मैदानाला खेटून समुद्राकाठानं जाते. काल आम्ही तिच्यावरून चाललो: डाव्या हाताला लाटा, उजव्या हाताला चेंडू, मध्ये आम्ही आणि वारा.

हाय स्ट्रीटजवळ एक जुनं दगडी घर पाहिलं. समुद्र खिडकीतून दिसत नाही, पण पाच मिनिटांवर आहे. कुकर मावतो. आज दुपारी बाराच्या आत वकिलानं आमचा आकडा कळवलाय. निकाल सोमवारी.

इतके दिवस फिरून एक गोष्ट मनात पक्की बसली. या किनाऱ्यावर आपण पैसे भिंतींचे देत नाही, समोरच्या मोकळ्या गवताचे देतो, जे आपलं नसतं आणि कधी होणार नाही. क्लब कितीही दार लावून बसलेला असो, त्यानं पिढ्यानपिढ्या ती जमीन मोकळी ठेवली. आणि कायद्यानं तिच्यावरून चालायचा हक्क सगळ्यांना दिला. दोन्ही गोष्टी एकत्र होत्या म्हणून समुद्र गावाचा राहिला. किहीम-नागावला आपण गेलो होतो तेव्हा बंगल्यांच्या कुंपणांमधल्या बोळातून वाळू शोधत गेलो होतो, ते आठवतंय ना? तिथे कुणी खेळासाठी जमीन अडवून ठेवली नव्हती, त्यामुळे घरांनी अडवली.

भाऊजी मांडव्याच्या रो-रो बोटीच्या भरवशावर अलिबागला प्लॉट बघताहेत म्हणालीस. त्यांना सांग, बोटीचं वेळापत्रक बघा, ते चांगलंच आहे. पण पावसाळी समुद्र खवळला की त्या दिवशी रस्त्यानं किती तास लागतात तेही जाऊन बघा. सातबारा बघालच. त्याच्याबरोबर सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, नकाशा मागवा आणि आपल्या प्लॉटपासून वाळूपर्यंतची जमीन कुणाची आहे, तिच्यावर उद्या काय बांधता येईल, तिच्यातून गावाची वाट जाते का, हे आधी विचारून घ्या. भाव त्यानंतर.

घर मिळालं तर उन्हाळ्यात या. गोल्फ शिकायची सक्ती नाही.

आईला आणि बाबांना नमस्कार, पोरांना गोड पापा.
तुझी धाकटी